वार, नाळ आणि मेंदूतल्या वाटा

हजीऱ्याच्या एका कामगार वसाहतीत मराठी मंडळींसमोर 'एकच प्याला'वर बोलून झाले होते. चहाच्या वेळी एक तरुण बाई बाजूला येऊन हळूच म्हणाल्या, "मॅडम, दिवस गेल्याचं कळायच्या आधी गावाकडच्या लग्नात दोनदा घेतली होती. बाळाला काही होईल का?" १९६० पासून दारूबंदी असलेल्या राज्यात हा प्रश्न दवाखान्यात विचारणे त्यांना अवघड वाटले असावे. "डॉक्टरांना हेच जसंच्या तसं सांगा," एवढेच मला सुचले. वाचन केले ते घरी आल्यावर.

१९१९ मध्ये बडोद्यात प्रथम रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या त्या नाटकात दारू बाळापर्यंत पोहोचते ती बापाच्या हातून. गर्भाला ती आईच्या रक्तातून भेटते. आपण लेखक दर दुसऱ्या भाषणात 'मातीशी नाळ' जोडतो. खरी नाळ ज्या वारेला जोडलेली असते, ती मात्र आपल्या लिखाणात क्वचितच येते. वार ही गाळणी आहे असा समज आहे. पण अल्कोहोलचा रेणू लहान. तो तिच्यातून सहज पार होतो आणि थोड्याच वेळात गर्भाच्या रक्तातले त्याचे प्रमाण आईच्या रक्तातल्या प्रमाणाजवळ जाते. गर्भाच्या यकृताला ते नीट मोडता येत नाही. गर्भजलात उतरलेले अल्कोहोल बाळ पुन्हा गिळते. दारू मोहाची, ताडी की बिअर, याने फरक पडत नाही.

मेंदू घडू लागतो तेव्हा त्याच्या आत रक्तवाहिन्या नसतात. पृष्ठभागावर त्यांचे जाळे असते आणि तेथून कोंब फुटावेत तशा त्या आत शिरतात. जिथे प्राणवायू कमी पडतो तिथल्या पेशी एक प्रथिन सोडतात. त्याच्या मागावर वाहिनी वाढत जाते. मेंदूच्या बाह्य थरात त्या ज्वारीच्या ताटांसारख्या सरळ, एकमेकींना समांतर उतरतात. फ्रान्समधील रुआँ येथील संशोधकांनी २०१२ मध्ये उंदरांत आणि मद्यसंपर्क झालेल्या मानवी गर्भांच्या मेंदूंत पाहिले, तर ही रांग विस्कटलेली होती. वाहिन्या केवळ रक्त नेत नाहीत. जागा बदलणाऱ्या कोवळ्या मेंदूपेशी त्यांच्या आधाराने वाट काढतात. म्हणून वाहिनीची चूक पेशीलाही भोवते. पुढे याच संशोधकांना वारेतील आणि मेंदूतील वाहिन्यांची हानी बरोबरीने जाताना दिसली. आपल्याकडे पुरून टाकली जाणारी वार बाळाच्या मेंदूविषयी काही सांगू शकेल, ही आशा त्यातून निर्माण झाली आहे.

या विकाराचे वर्णन फ्रान्समध्ये १९६८ साली लमवान यांनी आणि अमेरिकेत १९७३ साली जोन्स व स्मिथ यांनी केले. 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दुसऱ्या वर्णनाबरोबर आले. मराठीत मी 'गर्भातील मद्यबाधा' म्हणते. 'दारुड्या आईचं पोर' हा शब्दप्रयोग वर्गात कोणी केला तर मी तिथेच थांबवते, कारण तो ऐकलेली बाई डॉक्टरांसमोर तोंड उघडत नाही.

त्या बाईंच्या प्रश्नाला होय-नाही असे उत्तर नाही. प्रत्येक बाळाला बाधा होतेच असे नाही. किती घेतली, किती वेळा आणि कोणत्या आठवड्यात, यावर बरेच ठरते. निर्धोक म्हणता येईल असे प्रमाण मात्र माहीत नाही. थांबणे कोणत्याही महिन्यात उपयोगाचे असते, कारण मेंदूची वाढ प्रसूतीपर्यंत आणि नंतरही चालूच असते. पुढच्या खेपेस हजीऱ्याला गेले, तर त्यांना मी हे सांगेन.