पोत्यातला युरिया आणि टाकीतलं डीईएफ

"काय असतंय त्या बादलीत? युरियाच की! एक पोतं आणा, पाण्यात ढवळा, झालं काम. कशाला एवढे पैसे घालायलाव?"

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या मोंढ्यात, पंपावर, गॅरेजच्या बाकड्यावर हा सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो, की नवी पिकअप घेतलेल्या माणसाला आपणच खुळे ठरलो असं वाटावं. डिसेंबरात पारा उतरला की या सल्ल्याला शेपूट फुटतं: "थंडीत युरिया गोठतो, पाणी कमी करा आन् युरिया वाढवा." पहिला सल्ला गाडीचा घात करणारा आहे आणि दुसरा रसायनशास्त्राच्या नेमका उलटा. दोन्हींचा एकदा सोक्षमोक्ष लावू.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ निकष लागू झाले आणि डिझेलच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणं कंपन्यांना भाग पडलं. त्यासाठी ट्रक, बस आणि काही पिकअपना एससीआर (सिलेक्टिव्ह कॅटॅलिटिक रिडक्शन) ही यंत्रणा आली. वेगळ्या टाकीतून डीईएफचा (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइडचा) बारीक फवारा गरम धुरात सोडला जातो. उष्णतेनं त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो. उत्प्रेरकाच्या साहाय्यानं हा अमोनिया नायट्रोजन ऑक्साइडशी अभिक्रिया करतो आणि नळीतून निरुपद्रवी नायट्रोजन व पाण्याची वाफ बाहेर पडते. डीईएफमध्ये ३२.५ टक्के युरिया आणि ६७.५ टक्के क्षारमुक्त पाणी असतं, तिसरं काही नसतं. सगळ्या डिझेल पिकअपना ते लागतही नाही. गाडीच्या पुस्तिकेत डीईएफचा उल्लेख नसेल आणि निळ्या झाकणाचं तोंड नसेल, तर पुढचं वाचून शेजाऱ्याला सांगा.

गैरसमज: खताचा युरिया चालतो

हिशेब मोहात पाडणारा आहे, हे मान्य. वीस लिटर डीईएफमध्ये साधारण सात किलो युरिया असतो. अनुदानित युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. म्हणजे वीस लिटरला लागणारा युरिया चाळीस-बेचाळीस रुपयांचा. पाणी बोअरचं, फुकट. बादली विकणारे लुटतात असं वाटणारच.

पण पैसे युरियाचे नसतातच, शुद्धतेचे असतात. डीईएफसाठी आयएसओ २२२४१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातल्या मर्यादा आपल्या पोत्याशेजारी ठेवून बघू.

पहिली गोष्ट बाययुरेटची. युरिया तयार होताना बाययुरेट हा जोडपदार्थ थोडा होतोच. खताच्या युरियात तो दीड टक्क्यापर्यंत चालतो, पिकाला एवढ्यानं फरक पडत नाही. असा युरिया ३२.५ टक्के प्रमाणात विरघळवला, तर द्रावणात बाययुरेट ०.४९ टक्क्यापर्यंत जाऊ शकतं. डीईएफमध्ये परवानगी ०.३ टक्क्याची. जादा बाययुरेट गरम नळीत सहजी जळून जात नाही, त्याचे घट्ट थर बसतात.

दुसरी निंबोळी तेलाची. २०१५ पासून देशातला सगळा खताचा युरिया कडुनिंबाचं लेपन करूनच विकला जातो. नत्र जमिनीत हळूहळू सुटावं हा एक हेतू, आणि अनुदानित युरिया कारखान्यांकडे वळू नये हा दुसरा. निकषाप्रमाणे त्यात किमान ०.०३५ टक्के तेल हवं. हेच गणित पुढे नेलं, तर एक किलो द्रावणात सुमारे ११४ मिलिग्रॅम तेल येतं. आयएसओ मानकात न विरघळणाऱ्या पदार्थांना किलोमागे अवघ्या २० मिलिग्रॅमची मुभा आहे. तेल पाण्यात विरघळत नाही हे सांगायला रसायनशास्त्र लागत नाही. "आम्ही फडक्यातून गाळून घेतो" म्हणणाऱ्यांनी तेल फडक्यातून कसं गाळलं जातं, ते एकदा दाखवावं.

तिसरी पाण्याची, आणि इथे मराठवाडा ठार नापास होतो. डीईएफमध्ये कॅल्शियमची मर्यादा किलोमागे ०.५ मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कॅल्शियम लिटरला ७५ मिलिग्रॅमपर्यंत योग्य मानलं आहे. म्हणजे पिण्यालायक, चांगलं पाणीसुद्धा डीईएफच्या मर्यादेच्या दीडशे पट असू शकतं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून वर येणारं बोअरचं पाणी तर त्याहून जड. पाणी तापवायच्या रॉडवर वर्षभरात जो पांढरा थर चढतो, तोच इथे उत्प्रेरकाच्या बारीक जाळीवर चढतो आणि तिथे तो खरवडता येत नाही. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, लोह यांनाही तशीच ०.५ ची मर्यादा आहे. "मग आरओचं पाणी घालतो" हाही उपाय नव्हे. आरओ क्षार कमी करतो, पण या पातळीपर्यंत नेत नाही. आणि बॅटरीचं पाणी आणलं तरी पोत्यातलं तेल आणि बाययुरेट जागच्या जागी राहतात.

यावर हमखास येणारं उत्तर: "फलाण्याची गाडी सहा महिने असंच चालायली, काई झालं नाई." चालत असेलही. उत्प्रेरक एका दिवसात मरत नाही. आधी फवाऱ्याचं तोंड चोंदतं, मग पंप कुरकुरतो, मग सेन्सर चुकीची खूण देतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि शेवटी गाडीचं संगणकीय नियंत्रण ताकद कमी करतं. तोवर फलाण्यानं गाडी विकलेली असते.

विक्रेत्यांची एक युक्तीही माहीत असू द्या. दुर्बिणीसारखं छोटं यंत्र काढून, एक थेंब टाकून ते म्हणतात, "बघा, बरोब्बर ३२.५. एकदम शुद्ध माल." ते यंत्र रिफ्रॅक्टोमीटर. ते द्रावणात युरिया किती आहे एवढंच सांगतं, तो कुठला आहे आणि त्यात आणखी काय आहे ते सांगत नाही. बोअरच्या पाण्यात खत नीट मोजून घातलं तरी आकडा तोच येईल. प्रमाण आणि शुद्धता या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

ज्यांना तरीही वाटतं की हे सगळं कंपन्यांचं नाटक आहे, त्यांनी दक्षिण कोरियाकडे पाहावं. २०२१ च्या ऑक्टोबरात चीननं युरियाच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि कोरियात डीईएफचा दुष्काळ पडला. ट्रक उभे राहायची वेळ आली, लोक रांगा लावू लागले. सरकारनं कारखान्यांसाठीचा युरिया गाड्यांना चालेल का, याच्या चाचण्या घेतल्या आणि निकाल पाहूनही सरसकट परवानगी द्यायचं टाळलं. शेवटी युरिया परदेशातून मागवला. गळ्याशी आलेलं असताना एक औद्योगिक देश जे करायला धजला नाही, ते आपण प्लास्टिकच्या ड्रममध्ये काठीनं ढवळून करतो.

आणि कायदा? खत नियंत्रण आदेश, १९८५ च्या कलम २५ नुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय खत जमीन आणि पिकाखेरीज दुसऱ्या कामासाठी विकता वा वापरता येत नाही. हा आदेश जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली येतो, म्हणजे प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकतं. खतासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याचा युरिया आपण गाडीत ओततो, ही गोष्ट वेगळीच.

गैरसमज: थंडीत डीईएफ गोठतं, म्हणून गाडी सुरू होत नाही

डीईएफ उणे ११ अंशांना गोठतं. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस परभणीला गाजलेली थंडी पडली, तेव्हाही पारा शून्याच्या वरच होता. त्या पहाटेसुद्धा डीईएफ गोठायला आणखी ११ अंशांहून जास्त उतार हवा होता. गंगाखेडात गोदाकाठी कितीही हुडहुडी भरली, तरी तुमच्या टाकीत बर्फ होणार नाही. गाडी उचलत नसेल तर आधी बॅटरी तपासा.

गंमत म्हणजे थंडीत आधी कुरबूर करतं ते डिझेल. त्यातलं मेण थंडीनं सुटतं आणि फिल्टर चोंदतो. भारतीय मानकानुसार हिवाळी डिझेल निदान ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून सुरळीत जायला हवं, उन्हाळी डिझेलला १८ अंशांची सवलत आहे. म्हणजे कागदोपत्री पाहिलं, तर परभणीच्या थंडीत डिझेल काठावर येतं आणि डीईएफ निवांत असतं.

युरिया वाढवण्याचा सल्ला इथेच उघडा पडतो. ३२.५ टक्के हा आकडा कुणाच्या लहरीनं ठरलेला नाही. नेमक्या याच प्रमाणाला द्रावणाचा गोठणबिंदू सर्वांत खाली जातो. युरिया वाढवा किंवा पाणी वाढवा, दोन्हींनी ते लवकर गोठतं. मीठ, कूलंट, स्पिरिट घालणारे तर उत्प्रेरकाला स्वतःच्या हातानं विष पाजतात.

खरी थंडी हिमालयात. इथून माल घेऊन किंवा फिरायला काश्मीर, लडाखकडे जाणाऱ्यांनी मात्र लक्ष द्यावं. द्रासला हिवाळ्यात पारा उणे २० च्याही खाली जातो, तिथे डीईएफ गोठणारच. पण गाडी बनवणाऱ्याला हे माहीत असतं. टाकीत तापक असतो, तो इंजिनाच्या गरम कूलंटवर किंवा विजेवर चालतो. डीईएफ गोठलेलं असतानाही इंजिन सुरू होतं आणि गाडी चालते, वितळल्यावर फवारा आपोआप चालू होतो. वितळलेल्या डीईएफचा गुण कमी होत नाही. टाकीवर उकळतं पाणी ओतायची किंवा शेगडी धरायची काही गरज नाही.

तिथे जाताना तीन पथ्यं पाळा. टाकी गळ्यापर्यंत भरू नका, कारण गोठताना डीईएफ सुमारे ७ टक्के फुगतं. इंजिन बंद केल्यावर बॅटरीचा मुख्य खटका लगेच पाडू नका, कारण पंप नळीतलं उरलेलं डीईएफ मिनिट-दोन मिनिटं मागे ओढून घेत असतो. ते नळीतच राहिलं तर रात्री तिथेच गोठेल. आणि मराठवाड्यात भरलेल्या डिझेलवर लडाख गाठायचा हट्ट नको. इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथल्यासाठी उणे ३३ अंशांतही प्रवाही राहणारं हिवाळी डिझेल आणलं आहे, ते भरा.

ज्याची भीती कुणालाच वाटत नाही

डीईएफचा आपल्याकडचा खरा वैरी म्हणजे उन्हाळा. आयएसओ मानकातच साठवणुकीचा हिशेब दिला आहे. २५ अंशांत ठेवलं तर ते १८ महिने टिकतं, ३० अंशांत १२ महिने, ३५ अंशांत ६ महिने. त्यावर गेलं तर प्रत्येक साठा तपासूनच वापरा असं मानक सांगतं. गंगाखेडात मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. दुकानासमोर उन्हात रचलेल्या निळ्या बादल्यांचं काय होत असेल ते सांगायला नको. डिसेंबरातल्या थंडीची काळजी करणारे आपण मे महिन्यातली बादली मुकाट्यानं उचलतो.

बाकीचे, एकेका ओळीत

"डीईएफ डिझेलमध्ये मिसळायचं असतं." मुळीच नाही, चुकून डिझेलच्या टाकीत पडलं तर चावीसुद्धा फिरवू नका, टाकी रिकामी करून घ्या.

"थंडीत पंधरा मिनिटं गाडी जागेवर तापवा." अर्धा-एक मिनिट पुरे, मग हळू चालवा, जागेवरच्या इंजिनाचा धूर पुरेसा तापत नाही आणि काजळी तेवढी साठते.

"डिझेलमध्ये रॉकेल घातलं की थंडीत त्रास नाही." बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भागांपेक्षा जास्त चालत नाही, रॉकेलमध्ये ते कितीतरी पट असतं, शिवाय ही भेसळ गुन्हा आहे.

"नॅनो युरिया पातळच आहे, तो चालेल." ते पिकाच्या पानांवर फवारायचं खत आहे.

"लघवीतही युरिया असतो." असतो, साधारण दोन टक्के, आणि सोबत भरपूर मीठ, हा प्रयोग मोबाइलवरच्या व्हिडिओतच राहू द्या.

"डीईएफ विषारी असतं." नसतं, अंगावर सांडलं तर पाण्यानं धुवा, तांबं, पितळ आणि ॲल्युमिनियम मात्र ते खातं, म्हणून धातूच्या डब्यात ठेवू नका.

"टाकीच्या तोंडाशी पांढरी पूड दिसते, म्हणजे माल नकली." पाणी उडून गेल्यावर अस्सल डीईएफचेही खडे होतात, ओल्या फडक्यानं पुसा.

"सेन्सर काढून यंत्रणाच बंद करून टाका, कटकट मिटते." मिटत नाही, गाडीतला असा बदल बेकायदा आहे, आणि जो धूर अडवायचा तो आपल्याच पोरांच्या नाकात जातो.

तेव्हा बादली घेताना सील शाबूत आहे का बघा, आयएसओ २२२४१ चा उल्लेख आणि उत्पादनाची तारीख वाचा, दुकानदारानं ती सावलीत ठेवली होती का ते विचारा. ओतायला वेगळं, स्वच्छ प्लास्टिकचं नरसाळं ठेवा. डिझेलचं वापरू नका. उरलेली बादली घट्ट बंद करून घरात, गार जागी ठेवा. आणि ज्या बादलीवर तारीखच नाही, ती कितीही स्वस्त असली तरी दुकानदाराला परत करा.