समुद्राकाठचे पांढरे घर

उन्हाळ्याचे दोन महिने सुखाने घालविता यावेत असे एक लहानसे घर समुद्रकाठी आपणांस बांधावयाचे आहे, अशी क्षणभर कल्पना करा. आपण प्रथम कशाचा विचार कराल? बहुधा समुद्र कोणत्या खिडकीतून दिसेल, याचाच! परंतु सुमारे शंभर वर्षांपूर्वी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एका स्त्रीने असे घर उभारावयाचे ठरविले, तेव्हा ऊन कोठून येते आणि वारा कोणत्या दिशेने वाहतो, याचा अभ्यास तिने आधी केला.

आयलीन ग्रे हे तिचे नाव. १८७८ साली आयर्लंडमध्ये जन्मलेल्या या बाई पॅरिसमध्ये लाखेच्या नकसकामासाठी नावाजल्या होत्या. वास्तुशास्त्राचे रीतसर शिक्षण मात्र त्यांनी घेतले नव्हते. झाँ बादोव्हिची हे वास्तुकलेवरील एका नियतकालिकाचे संपादक त्यांचे स्नेही होते. त्यांच्यासाठी १९२६ ते १९२९ या काळात मोनॅकोच्या पूर्वेस, रोकब्रून-काप-मार्तँ येथील खडकाळ उतारावर, हे घर बांधले गेले. तेथवर पायवाटेनेच जावे लागे. घराचे नावही मोठे गमतीचे : ‘ई-१०२७’. ‘ई’ हे आयलीनचे आद्याक्षर. दहा, दोन आणि सात या अंकांनी रोमन वर्णमालेतील जे, बी आणि जी ही अक्षरे, म्हणजे झाँ, बादोव्हिची व ग्रे, सूचित होतात.

घर पाहावे तर पांढरेशुभ्र, सपाट गच्चीचे आणि खांबांवर उचललेले. समुद्राच्या बाजूच्या खिडक्या घडी घालून पूर्णपणे उघडता येतात. बाहेरच्या झडपा सरकवून हवे तेवढेच ऊन आत घ्यावे. सज्जाच्या कठड्याला शिडाचे कापड लावलेले. ते हिवाळ्यात काढले की बसणाऱ्याच्या पायांवर ऊन येते. निजावयाच्या खोलीत सकाळचे कोवळे ऊन येईल, अशी तिची योजना आहे. त्या भागातील बायका हिवाळ्यात आत आणि उन्हाळ्यात बाहेर स्वयंपाक करीत, हे पाहून स्वयंपाकघराचीही तशीच सोय केलेली आहे. पोलादी नळीचे एक गोल, काचेचे मेज तर जगप्रसिद्ध झाले आहे. त्याची उंची कमीजास्त करता येते आणि पाया पलंगाखाली सरकवून अंथरुणावरच न्याहारी घेता येते.

घर म्हणजे राहण्याचे यंत्र, हे ल कोर्बुझिए यांचे सूत्र त्या काळी गाजत होते. ग्रे यांना ते मान्य नव्हते. घराने माणसाला शिंपल्याप्रमाणे सांभाळावे, असे त्यांचे मत होते.

पुढे ग्रे बादोव्हिचींपासून वेगळ्या झाल्या आणि घर सोडून गेल्या. १९३८-३९ मध्ये कोर्बुझिए तेथे पाहुणे म्हणून राहिले असता त्यांनी त्या स्वच्छ भिंतींवर मोठमोठी चित्रे रंगविली. ग्रे यांची संमती घेतलेली नव्हती. त्यांना तो आपल्या कृतीवरील आघात वाटला. ज्यांनी चंडीगढची आखणी केली त्या थोर वास्तुकाराची ही गोष्ट आपणां भारतीयांस विचार करावयास लावणारी आहे. इतकेच नव्हे, तर १९५२ मध्ये त्यांनी याच घरामागे स्वतःसाठी एक लाकडी झोपडी उभारली आणि २७ ऑगस्ट १९६५ रोजी तेथल्याच समुद्रात पोहत असता त्यांचा अंत झाला. मध्यंतरी घराचे श्रेय कधी बादोव्हिचींना, तर कधी खुद्द कोर्बुझिए यांना दिले जाई; ग्रे यांचे नाव लोक विसरले. १९६८ मध्ये जोसेफ रिक्वर्ट या अभ्यासकाने त्यांच्यावर लेख लिहिला, तेव्हा त्या नव्वदीच्या घरात होत्या. १९७६ साली त्यांचे निधन झाले. पडझड झालेले ते घर १९९९ मध्ये किनारपट्टीच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या फ्रान्सच्या सरकारी संस्थेने घेतले आणि दीर्घ दुरुस्तीनंतर २०२१ मध्ये ते पुन्हा पूर्वरूपात उभे राहिले. भित्तिचित्रेही इतिहासाचा भाग म्हणून जपली आहेत.

या घराची नक्कल आपल्या किनाऱ्यावर करू नये. भूमध्य समुद्राकाठचा उन्हाळा कोरडा असतो. कोकणच्या धुवांधार पावसात सपाट गच्ची गळावयास वेळ लागणार नाही. तेथे उतरते कौलारू छप्पर आणि रुंद पडवीच शोभते. अनुकरण करावयाचे ते पद्धतीचे : आधी ऊन, वारा, पाऊस ओळखावा, मग घरातील माणसे कोठे बसतात, कोठे रांधतात, कोठे निजतात ते पाहावे, आणि त्यानंतरच भिंतींची रेघ आखावी. आणि वाचकहो, दुसऱ्याच्या घरात पाहुणे म्हणून गेलात, तर भिंतींचा कोरेपणाही कोणीतरी विचारपूर्वक राखलेला असतो, हे ध्यानात ठेवावे.