आमच्या अंगणातील फुलझाडे

आमच्या घरापुढे लहानसे अंगण आहे. तिथे जास्वंद, मोगरा, तगर, अबोली आणि कण्हेर ही झाडे आहेत. मागच्या उन्हाळ्यात आई म्हणाली, "प्यायला पाणी आणता आणता कंबर मोडते, आन् फुलांना कुठलं पाणी?" आईचे बरोबरच होते. तानसा आणि भातसा ही धरणे आपल्याच शहापूर तालुक्यात, पण उन्हाळ्यात तालुक्यातल्या किती तरी गावांना टँकरची वाट पाहावी लागते. मग मी ठरवले, हंड्यातले एक थेंबही झाडांना घालायचे नाही. तरी झाडे जगली. ती कशी, ते सांगते.

लावणी : पहिले दोन-तीन पाऊस झाले की जास्वंदीची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी घ्यावी. खालची पाने काढावीत. खालचे टोक तिरपे कापून मातीत खोचावे. आपल्याकडे पाऊस फार, म्हणून पावसाळ्यात बुंध्याशी मातीचा उंचवटा करावा. पाणी साचले तर मुळे कुजतात. पाऊस गेला की उंचवटा मोडून आळे करावे.

पाणी : तांदूळ, भाजी धुतलेले पाणी मी बादलीत साठवते आणि संध्याकाळी आळ्यात घालते. साबणाचे पाणी घालत नाही. बाबा राबासाठी पालापाचोळा गोळा करतात. त्यातली एक पाटी मी मागून घेते आणि आळ्यात पसरते. त्यामुळे माती लवकर सुकत नाही.

खत : इथे माझी चूक झाली. मी मोगऱ्याच्या मुळाशी ताजे शेण घातले. वाटले, झाड जोरात वाढेल. पण पाने पिवळी पडली आणि एक झुडूप मेले. मी खूप रडले. आजी म्हणाली, "अगं बाय, ताजं शेण गरम असतं, मुळं भाजतात." शेण कुजून त्याचा भुगा झाला की मगच ते घालावे.

मोगरा : हे झाड थोडे उपाशी ठेवावे लागते. डिसेंबरअखेर पाणी तोडावे. जानेवारीत फांद्या छाटाव्या, माती उकरून कुजलेले खत घालावे आणि मग पाणी सुरू करावे. मार्चपासून कळ्या येतात. जव्हार, विक्रमगडकडचे आदिवासी शेतकरी मोगऱ्याची शेती करतात. त्यांची फुले मुंबईला दादरच्या बाजारात जातात. हे तालुके २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते, आता ते पालघर जिल्ह्यात आहेत.

कीड : जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखी पांढरी कीड दिसली तर तो शेंडा कापून दूर पुरावा.

सावधान : कण्हेरीला शेळी तोंड लावत नाही, म्हणून ती कुंपणाला चांगली. पण तिचा चीक, पाने आणि बिया विषारी असतात. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी खेळलात तर हात धुवा. लहान भावंडांच्या हाती त्या देऊ नका.

यंदा उरलेल्या मोगऱ्याला फुले आली. पहिला गजरा मी आईला दिला. आता भाजी धुतलेले पाणी आईच बादलीत ओतते. जून महिन्यात ज्याला जास्वंदीची फांदी हवी असेल, त्याने मला सांगावे. पालकांनीही न्यावी.

— इयत्ता सहावीतील एक विद्यार्थिनी