सावित्रीवरचा पूल

रोज शेकडो वाहने एखाद्या पुलावरून जातात, पण त्या पुलाकडे पाहतो कोण? तो पडला म्हणजे मात्र सर्वांना त्याचे वय आठवते. महाडजवळच्या सावित्री नदीवरील पुलाच्या बाबतीत असेच घडले.

सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, सह्याद्री उतरते आणि बाणकोटपाशी अरबी समुद्राला मिळते. तिच्या काठचे महाड आपणांस १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे परिचित आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२८ साली, इंग्रजी अमदानीत येथे दगडी कमानींचा पूल उभा राहिला. पुढे मुंबई-गोवा महामार्गाची वाहतूक त्याच्यावरून चालू लागली. कालांतराने शेजारी दुसरा पूल झाला, तरी मुंबईकडे येणारी वाहने जुन्याच पुलावरून जात राहिली.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात हा पूल वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एस.टी. गाड्या व इतर वाहने काळोखात नदीत कोसळली. चाळीसच्या सुमारास माणसे गेली. काही मृतदेह पार समुद्रकिनाऱ्यावर सापडले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि वाहतुकीस धोका नाही, असा निर्वाळाही मिळाला होता.

मग असा पूल एकाएकी पडतो कसा? दगड दाब उत्तम सोसतो. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला रेटतो व हा रेटा खांबावर येतो. खांबाच्या दोन्ही बाजूंच्या कमानींचे रेटे एकमेकांना तोलून धरतात. एक खांब खचला की हा तोल जातो आणि लगतच्या कमानीही ढासळतात.

खांब खचतो तो बहुधा तळाशी. पुराचे पाणी खांबावर आदळून खाली वळते, तेथे भोवरे होतात आणि पायाजवळची वाळू-माती उपसली जाते. पूर ओसरताना त्याच खड्ड्यात पुन्हा गाळ बसतो. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला नदीचे पात्र सपाट दिसते. म्हणजे धोका असतो पुरात आणि आपण पाहतो उन्हात! इंग्लंडमध्येही २००९ च्या नोव्हेंबरात वर्किंग्टन येथील डर्वेंट नदीवरचा दगडी कमानींचा पूल असाच पुरात गेला. त्या वेळी वाहने अडविणारा एक पोलीस शिपाई त्यात बळी पडला.

महाडचा नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजी खुला झाला. ही कामगिरी कौतुकाची खरी. परंतु जुन्या पुलाच्या पायाची वेळीच खोल तपासणी करणे याहून किती स्वस्त पडते, हाही विचार व्हावा.

आपल्या इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दारणा, वाकी, भाम या नद्या ओलांडून आपल्यापैकी कितीतरी जण कॉलेजात येतात. पुलाच्या कठड्याला नवी भेग दिसली, रस्ता एका जागी खचलेला वाटला, खांबाचा पाया उघडा पडलेला दिसला, तर ग्रामपंचायतीला किंवा बांधकाम खात्याला लेखी कळवावे. आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर त्या दिवशीचा तास बुडाला तरी चालेल, अलीकडेच थांबावे.