मंगळवारचा पॅनकेक, बिडाच्या तव्यावर

ख्रिस्ती उपवासकाळाच्या आदल्या मंगळवारी संध्याकाळपर्यंत तो फोटो दरवर्षी तुमच्या मोबाइलवर येऊन थडकतोच. डोक्याला रुमाल, कमरेला एप्रन, हातात तवा, तव्यात पॅनकेक आणि धावत सुटलेल्या इंग्लिश बायका. गाव ऑल्नी, बकिंगहॅमशर. अंतर 415 यार्ड. 1445 साली चर्चची घंटा ऐकून एक गृहिणी हातातल्या तव्यासकट धावत सुटली, तेव्हापासूनची ही परंपरा, असं गावकरी सांगतात. 1950 पासून अमेरिकेतल्या कॅन्ससमधलं लिबरल नावाचं गावही त्याच दिवशी तेवढंच अंतर धावतं आणि दोन्हीकडच्या वेळा ताडून विजेती ठरते. बातमी दरवर्षी इथे संपते. तव्यावर काय घडतं, ते तिच्यात कधीच नसतं.

2026 चा तो आठवडा मात्र मजेदार होता. 15 फेब्रुवारीला महाशिवरात्र. 18 तारखेला राखेचा बुधवार, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस. चंद्र दिसला की त्याच सुमारास रमजान. गोव्यात कार्निव्हल रंगात आला होता आणि रशियात 16 पासून मास्लेनित्सा, म्हणजे लोण्याचा सप्ताह. त्यात मांस बंद, पण दूध-लोणी चालतं, म्हणून आठवडाभर ब्लिनींचे ढीग फस्त होतात. उपवासाच्या उंबरठ्यावर पोटभर खाऊन घ्यायची ही रीत आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. श्रावणाच्या तोंडावर आपण गटारी करतोच. फरक एवढाच, की जुन्या युरोपात मांसाबरोबर अंडी, दूध, लोणीही वर्ज्य होतं आणि ते टिकवायला फ्रीज नव्हता. मग मंगळवारी घरातलं असेल नसेल ते सगळं पिठात घालायचं आणि संपवायचं. पॅनकेक हा असा, फडताळ रिकामं करण्यासाठी जन्मलेला पदार्थ.

म्हणून तर सुपरमार्केटच्या कपाटातलं पॅनकेकच्या तयार पिठाचं पाकीट पाहिलं की हसू येतं. फडताळ रिकामं करायच्या पदार्थासाठी फडताळात आणखी एक पाकीट! त्यावरची घटकयादी एकदा वाचा. मैदा, साखर, खायचा सोडा आणि त्याच्या जोडीचे आम्लयुक्त क्षार, मीठ, कधी दुधाची पावडर आणि व्हॅनिलाचा वास. यातलं बहुतेक सगळं तुमच्या ओट्यावर आहे. वर दूध किंवा अंडं तुम्हीच घालायचं आणि लोणी तुमचंच.

या पाकिटाची जन्मकथाही फार गोड नाही. 1889 मध्ये अमेरिकेतल्या मिझुरीतल्या सेंट जोसेफ गावी दोघा भागीदारांनी असं तयार पीठ काढलं आणि त्याला ‘आंट जेमायमा’ हे नाव दिलं. गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करत, त्या तमाशातलं हे नाव. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात गुलामगिरीत जन्मलेल्या नॅन्सी ग्रीन यांना त्या वेशात उभं करून पॅनकेक करायला लावले गेले. पुढे शंभराहून अधिक वर्षं तो हसरा चेहरा खोक्यावर राहिला. 2020 च्या वर्णद्वेषविरोधी आंदोलनानंतर कंपनीने तो काढला आणि 2021 मध्ये नावही बदललं. पीठ तेच राहिलं.

तर पाकीट बाजूला. एक वाटी मैदा, एक वाटी ताक, एक अंडं, दोन चमचे साखर, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, मोठा चमचाभर पातळ केलेलं लोणी. कोरडं एकीकडे मिसळायचं, ओलं दुसरीकडे, मग दोन्ही एकत्र. आणि इथेच मराठी हाताची परीक्षा असते. पिठलं असो की धिरडं, गुठळी राहिली की सासू काय म्हणेल, या धाकात आपल्या पिढ्या वाढल्या. पॅनकेकच्या पिठात गुठळ्या राहू द्यायच्या. मैद्यातली प्रथिनं पाण्याशी भेटली आणि वर घोटली गेली की त्यांचं चिवट जाळं बनतं. पोळीला तेच हवं असतं, म्हणून कणीक तिंबतो. पॅनकेकला ते नको. पळीने दहा-बारा फेरे मारून कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात आवरायचा. राहिलेल्या बारीक गुठळ्या तव्यावर आपापल्या विरघळतात.

सोडा आणि ताकाचं गणित याहून सोपं. ताकातलं आम्ल सोड्याला भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्याचे बुडबुडे पिठात अडकतात. पण हा वायू ताक पडल्या क्षणापासून सुटू लागतो, तव्याची वाट पाहत नाही. त्यामुळे असं पीठ भिजवून तासभर गप्पा मारत बसलात, तर चपट्या चकत्या मिळतील. बेकिंग पावडरीचं तसं नाही. तिच्यात सोडा आणि कोरडं आम्ल एकाच डबीत असतं आणि आजकालच्या बहुतेक पावडरी थोडा वायू ओल्यावर, बाकीचा आचेवर सोडतात. तिला पंधरा-वीस मिनिटांचा विसावा चालतो. फ्रेंच क्रेपमध्ये बुडबुड्यांचं कामच नाही, म्हणून ते पीठ अर्धा तास तरी झाकून ठेवतात.

मैद्याऐवजी कणीक वापरणाऱ्यांसाठी एक सूचना, जी परदेशी पाककृतींत सापडणार नाही. आपली चक्कीची कणीक दगडांत रगडून निघते. त्या रगड्यात पिठातले स्टार्चचे कण मोठ्या प्रमाणात फुटतात आणि फुटलेले कण जास्त पाणी पितात. वर कोंडाही पाणी ओढतो. म्हणून एका वाटी कणकेला सव्वा वाटी ताक धरा. पीठ सोड्याशिवाय वीस मिनिटं मुरू द्या आणि सोडा अगदी शेवटी घाला.

आता तवा. पहिला पॅनकेक बिघडतो, हे जगभर मान्य आहे. रशियनांनी तर त्याची म्हणच करून टाकली आहे. कारणं साधी आहेत. तवा अजून सगळीकडे सारखा तापलेला नसतो आणि तेल जास्त असतं. जिथे तेलाचं तळं तिथे पीठ तव्याला टेकत नाही, तिथे फिकट ठिपके उमटतात, बाजूला करपट नक्षी. दुसऱ्या वेळेपर्यंत जास्तीचं तेल पहिल्याने पिऊन टाकलेलं असतं, मग रंग सारखा येतो. कोकणातल्या बायका नारळाची शेंडी किंवा अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवतात, ते याच कारणासाठी. तेलाचा थर पुसट हवा. लोणी घ्यायचं तर पिठात घ्या. तव्यावर त्यातला दुधाचा अंश लगेच करपतो. तिथे तूपच बरं.

आच मध्यम. आपल्या गॅसची ज्योत गोल कड्यासारखी लागते, त्यामुळे पातळ नॉनस्टिक तव्यावर पॅनकेकलाही तसंच काळं कडं पडतं. बिडाचा जाड तवा ती उष्णता स्वतःत मुरवून सगळीकडे वाटून देतो. तो तापला का, हे पाण्याच्या शिंतोड्याने कळतं. थेंब तडतडून लगेच उडाला, तर तवा आंबोळीला आणि पॅनकेकला तयार. थेंब पाऱ्यासारखा गोल होऊन तव्यावर पळायला लागला, तर आच फार झाली. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि ती त्याला तव्यापासून उचलून धरते. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने 1756 मध्ये हे लिहून ठेवलं, म्हणून त्याचं नाव या परिणामाला मिळालं. नॉनस्टिकवर मात्र ही परीक्षा करू नका. रिकामं नॉनस्टिक तापवणं त्याच्या थराला सोसत नाही.

उलटायचा कधी? बुडबुडे फुटून त्यांची भोकं उघडीच राहू लागली आणि कडेची चकाकी गेली की. एकदाच उलटायचा आणि कालथ्याने दाबायचा अजिबात नाही. एवढा वेळ खपून आत धरून ठेवलेली हवा कालथ्याखाली चिरडण्यात काय मतलब?

या सगळ्या प्रकाराचा खरा अभ्यास केला तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या प्राध्यापक इयन ईम्स यांनी. हा गृहस्थ द्रवांच्या प्रवाहांवर काम करणारा. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये जगभरच्या 14 प्रकारच्या पॅनकेकांच्या कृती मांडल्या आणि प्रत्येकाचं पिठाशी द्रवाचं प्रमाण काढलं. पिठाचं वजन 100 धरलं तर द्रव किती, हा तो आकडा. मग 100 पासून 225 पर्यंत प्रमाण बदलत पॅनकेक भाजून पाहिले. घट्ट पिठात वाफ खाली अडकते, पॅनकेकला ठिकठिकाणी उचलते आणि खालच्या बाजूला वेडेवाकडे खड्डे पडतात. पीठ सगळ्यात पातळ असलं की वाफ सहज निसटते, रंग एकसारखा येतो आणि मध्ये मध्ये गडद ठिपके उमटतात. लेख छापला गणिताच्या नियतकालिकात. आणि सहलेखक कोण, तर सर पेंग खॉ, काचबिंदूचे नामांकित शल्यचिकित्सक. काचबिंदूत डोळ्यातला द्रव साठून दाब वाढतो. शस्त्रक्रियेत डोळ्याच्या लवचिक पांढऱ्या आवरणात त्या द्रवाला बाहेर पडायची वाट करून देतात. लवचिक पापुद्र्याखालून वाफ किंवा द्रव वाट कशी काढतो, हा प्रश्न तव्यावर आणि डोळ्यात सारखाच, असं या मंडळींचं म्हणणं. मला हा अभ्यास फार आवडतो. मात्र बातम्यांनी तेव्हा ‘परिपूर्ण पॅनकेकचं सूत्र सापडलं’ असे मथळे दिले, ते वाचून कपाळाला हात लावला होता. परिपूर्ण पॅनकेक सापडणारच नाही. क्रेप खाणाऱ्याला जाड नको असतो आणि जाड खाणाऱ्याला क्रेप म्हणजे भिजलेला कागद वाटतो.

ईम्स यांचा आकडा 225 वर थांबला, पण घावन त्याच्याही पलीकडे जातं. तांदळाच्या एका वाटी पिठाला दोन ते अडीच वाट्या पाणी लागतं. वजनात मांडलं तर 300 च्या वर. तांदळात गव्हासारखं चिवट जाळं नाही. इतकं पातळ पीठ सणसणीत तापलेल्या बिडावर पडलं की पाण्याची वाफ धाडकन वर येते आणि न ताणणारा तो पापुद्रा जागोजाग फुटतो. घावनाची जाळी ती हीच. सोडा नाही, आंबवणं नाही, निव्वळ पाणी आणि आच. म्हणून घावनाचे नियम पॅनकेकच्या नेमके उलटे. पीठ तळाशी बसतं, तेव्हा प्रत्येक पळीआधी ढवळायचंच. तवा जास्त तापवायचा. आणि झाकण ठेवायचं. गौरीच्या नैवेद्याला घावन-घाटलं रांधणाऱ्या हातांना मैद्याचा पॅनकेक अवघड जातो, तो कौशल्य कमी पडल्यामुळे नव्हे. सवयी उलट्या असतात. महाशिवरात्रीसारखा उपवास असेल, तर भिजवून वाटलेल्या वरी-साबुदाण्याचं घावन करा. तत्त्व तेच, जाळीही पडते.

आणि मंगळवारी खरं काय करायचं, तर आले बेले. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत उपवासकाळाच्या आदल्या दिवशी होणारा हा पॅनकेक. पातळसर पीठ मैदा, अंडं आणि दूध किंवा नारळाच्या रसाचं. आत ओलं खोबरं, माडाचा काळा गूळ आणि वेलची. गुंडाळी करून गरम किंवा गार. पोर्तुगीजांच्या अमलात हा पदार्थ रुजला खरा, पण आतलं सारण पाहिलं की मालवणचं सातकाप्याचं घावन आणि बंगालची पाटिसापटा आठवल्याशिवाय राहत नाही. नारळ आणि गूळ असेल तिथली गृहिणी पापुद्र्यात दुसरं काय भरणार?

पॅनकेकवर घालायच्या गोडाचंही तेच. खरं मेपल सिरप म्हणजे सुमारे 40 लिटर झाडाचा रस आटवून 1 लिटर, त्यामुळे महाग असायलाच हवं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये 2011-12 मध्ये त्याच्या गोदामातून सुमारे 3,000 टन माल चोरीला गेला होता, एवढी त्याची किंमत. आपल्याकडे ‘पॅनकेक सिरप’ म्हणून जी स्वस्त बाटली मिळते, ती बहुधा रंग-वास दिलेला साखरेचा पाक असते. त्यापेक्षा काकवी घ्या. या दिवसांत कोल्हापूरकडची गुऱ्हाळं चालू असतात, ताजी काकवी बाजारात असते आणि लोण्याच्या गोळ्यावरून ती ओघळू लागली की मेपलची आठवणही येत नाही. काकवीच्या कडसर चवीपुढे मेपल मला तरी जरा भित्रं वाटतं.

राहिला अडचणीचा मुद्दा. हा पॅनकेकचा दिवस नेमका मंगळवारी येतो आणि गणपतीचा वार म्हणून कितीतरी मराठी घरांत त्या दिवशी अंडं शिजत नाही. इलाज 1843 सालीच निघालाय. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या रसायनकाराच्या बायकोला अंडं आणि यीस्ट दोन्ही सोसत नसे. त्याने तिच्यासाठी आधी बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली, मग यीस्टशिवाय ब्रेड फुगवणारी बेकिंग पावडर. आपल्याकडे फुगवायचं काम सोडा आणि ताक करतातच, तेव्हा अंडं वगळा, ताक पाव वाटी वाढवा आणि मोठा चमचाभर बेसन घाला, बांधणीला तेवढं पुरतं. पॅनकेक थोडा नाजूक होईल. लहान टाका, म्हणजे उलटताना मोडणार नाही.