सुट्या फळ्यांचे कपाट आणि स्क्रूचे आटे

पुण्यात भाड्याच्या घराचा करार साधारणतः अकरा महिन्यांचा असतो, आणि बाणेर, खराडी किंवा कोथरूडमधील एखाद्या सदनिकेतून तो संपल्यावर जे सामान टेम्पोत चढते, त्यात खोक्यातून सुट्या फळ्यांच्या रूपात आलेली आणि घरातच जोडलेली कपाटे व टेबले हमखास असतात. खाच आणि कूस एकमेकांत बसवून सुताराने घडवलेले सागवानी कपाट पिढ्यान्‌पिढ्या अखंडच हलवले जात असे. सुट्या भागांचे कपाट मात्र उघडून हलवण्याच्या कल्पनेवरच उभे आहे. या कल्पनेला मोठ्या प्रमाणावर व्यापारी रूप दिले ते स्वीडनमधील आयकिया कंपनीने, जिच्या गिलिस लुंडग्रेन या रचनाकाराने 1956 साली गाडीत मावत नाही म्हणून एका टेबलाचे पाय काढले, अशी हकीकत सांगितली जाते. अडचण अशी की स्क्रू कितीही वेळा काढता-घालता येतो, पण तो ज्या भोकात बसतो ते भोक फार वेळा सोसत नाही. जोडणीतील बहुतेक कटकटींचे मूळ या विसंगतीत आहे.

हे भोक ज्या फळीत असते ती सलग लाकडाची नसते, बहुधा पार्टिकल बोर्डची असते. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा चिकट रेझिनमध्ये मिसळून, उष्णता आणि दाब देऊन केलेली फळी. सोलापूर जिल्ह्यातील वेळापूर येथे उसाच्या चिपाडापासूनही असे बोर्ड बनवले गेले आहेत. पार्टिकल बोर्डच्या फळीचे दोन्ही पृष्ठभाग बारीक भुशाचे आणि घट्ट असतात, तर मधला थर जाडसर चुऱ्याचा आणि विरळ असतो, त्यामुळे फळीच्या कडेतून आत शिरणाऱ्या स्क्रूला नेमका सर्वांत कमकुवत भाग मिळतो. स्क्रूवरील पिळदार धार, म्हणजे आटे, पहिल्या खेपेस या चुऱ्यात स्वतःची वाट कोरतात. दुसऱ्या जोडणीत स्क्रू सरळ दाबून फिरवला की जुन्या वाटेशेजारी नवी वाट कोरली जाते, दोन्हींमधील पातळ भिंत ढासळते आणि स्क्रू नुसताच फिरू लागतो. म्हणून जाणता कारागीर आधी स्क्रू भोकात टेकवून हलक्या हाताने उलटा फिरवतो. आट्याचे टोक जुन्या वाटेच्या तोंडाशी आले की बोटांना किंचित खाली घसरल्याचा धक्का जाणवतो, आणि तेथूनच तो सुलटा फिरवायला सुरुवात करतो. ड्रिल मशीनला हा धक्का कळत नाही, म्हणून जुन्या भोकात मशीनने स्क्रू घालणे हा घाईचा आणि तोट्याचा व्यवहार ठरतो.

दोन फळ्या काटकोनात खेचून धरण्याचे काम बहुधा ज्या जोडीकडे असते तिला येथील सुतार मिनीफिक्स म्हणतात. एका फळीत डोके असलेला बोल्ट बसतो आणि दुसरीत साधारण 15 मिलिमीटर व्यासाची गोल चकती. चकती फिरवली की तिच्या आतील वक्र खाच बोल्टचे डोके पकडून आत ओढते. चकतीवरील बाण आधी बोल्टच्या भोकाकडे वळलेला नसेल, तर डोके आत शिरतच नाही. बोल्ट त्याच्या गळ्यापर्यंत गेला नसेल, तर चकती डोक्याच्या बाजूने रिकामी फिरते. अर्ध्या फेरीहून थोडे पुढे गेल्यावर हाताला विरोध जाणवतो, पण तेथे न थांबणारेच अनेक असतात. चकती मऊ जस्तमिश्रित धातूची असल्याने तिची खाच मग तुटते. घर बदलताना त्याहून मोठे नुकसान होते, कारण हमाल चकती उलटी न फिरवता फळ्या ओढतात आणि बोल्ट चुऱ्याचे ढेकूळ घेऊनच बाहेर येतो.

स्क्रूच्या डोक्यावरील खाच झिजण्यामागे मात्र बहुधा चुकीचे हत्यार असते. हेन्री फिलिप्स यांच्या नावाने 1936 साली पेटंट झालेली फुलीची खाच आणि नंतरच्या काळातील पोझिड्राइव्ह खाच दिसायला सारख्याच असतात. दुसरीच्या फुलीच्या चार हातांमध्ये चार बारीक रेघा असतात, एवढाच वरवरचा फरक. युरोपीय धाटणीच्या फर्निचरमध्ये पोझिड्राइव्ह सर्रास आढळते, आणि रविवार पेठेतील बोहरी आळीत नुसता ‘स्टार’ स्क्रू ड्रायव्हर मागितला तर सहसा फिलिप्स हाती पडतो, जो त्या खाचेत अर्धवट बसतो आणि जोर लावताच वर उसळतो. खाच थोडीच झिजली असेल, तर मध्ये रबराचा तुकडा ठेवून, फिरवण्यापेक्षा दाबावर अधिक भर देऊन स्क्रू निघतो.

सैल झालेल्या भोकावर जाडा स्क्रू हा उपाय फळीची कड फोडतो. भोकात फेव्हिकॉल आणि त्यात बुडवलेल्या टूथपिकच्या काड्या ठासून, रात्रभर वाळू देऊन, वर राहिलेली टोके कापून मग त्याच मापाचा स्क्रू घालावा. पावसाळ्यात ओलीने फुगलेल्या कडेला हा उपाय पुरत नाही, कारण असा बोर्ड वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. नव्या जोडणीत एकही स्क्रू शेवटपर्यंत आवळण्याआधी सांगाडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे ना हे पाहावे लागते; दोन्ही कर्ण टेपने मोजून सारखे आले की मगच मागची पातळ फळी ठोकावी, कारण कपाटाला तिरके होण्यापासून अडवते ती फळीच.

उरते भिंत. उंच कपाट पुढे कोसळू नये म्हणून ते भिंतीला बांधायचे असते, पण शहरातील अनेक नव्या इमारतींच्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे असंख्य हवेच्या पोकळ्या असलेल्या हलक्या काँक्रीटच्या आहेत. हे तंत्रही मूळचे स्वीडनचेच, आणि बी. जी. शिर्के उद्योगसमूहाने त्याचे उत्पादन पुण्यात मुंढव्याला केले. खोक्यातून येणारा साधा प्लास्टिकचा प्लग अशा भिंतीत गोल फिरतो आणि हाताने ओढला तरी निघून येतो. म्हणून भिंत ठोकून पाहावी आणि ती सिपोरेक्सची निघाली तर त्याच कामासाठी बनवलेला, रुंद आट्यांचा वेगळा प्लग हार्डवेअरच्या दुकानातून आणून मगच कपाट बांधावे.