मधुमेहाचा उंबरठा



मधुमेह हें नांव आपणांस नवें नाहीं. सुश्रुतसंहितेंत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक ‘सहज’, म्हणजे जन्मतःच आलेला, व दुसरा अपथ्यानें ओढवलेला. पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा स्थूल असतो, असेंही तेथें म्हटलें आहे. आधुनिक वैद्यकाचे दोन मुख्य प्रकार याच्याशीं बरेच जुळतात. शंभर मधुमेह्यांपैकीं नव्वदांहून अधिक लोक दुसऱ्या प्रकारचे असतात, व आज मला बोलावयाचें आहे तें त्याच प्रकाराविषयीं.

हा रोग होतो कसा? भात-पोळीची पचनानंतर साखर होते व ती रक्तांत उतरते. स्वादुपिंडांतून स्रवणारा इन्शुलिन हा रस त्या साखरेला स्नायूंत प्रवेश मिळवून देतो. परंतु यकृतांत व पोटाच्या आंतल्या भागांत चरबी सांचूं लागली कीं शरीर इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देईनासें होतें. स्वादुपिंड बिचारें अधिकाधिक रस ओतून वेळ निभावून नेतें. अखेर तेंही थकतें, आणि रक्तांतील साखर चढूं लागते. सावकारी कर्जाप्रमाणें हा व्यवहार वर्षानुवर्षें चालतो. घरांत कोणाला त्याची वार्ता नसते, आणि जप्ती येते तेव्हां ती डोळे, मूत्रपिंडें व पाय यांवर येते.

मात्र जप्तीपूर्वीं नोटीस मिळते, ती वाचावयास हवी. उपाशीपोटीं घेतलेल्या रक्ताच्या दर १०० मिलिलिटरांत साखर १०० मिलिग्रॅमच्या आंत असली तर ती ठीक समजतात; पुनः तपासूनही १२६ किंवा अधिक भरली तर मधुमेह. या दोहोंमधल्या पट्ट्याला मी उंबरठा म्हणतों. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज असा कीं, २०२१ सालीं आपल्या देशांत सुमारें १० कोटी लोक मधुमेही होते, आणि सुमारें १३ कोटी ६० लक्ष लोक या उंबरठ्यावर उभे होते. माझा सारा रोख या दुसऱ्या आंकड्यावर आहे. कारण उंबरठ्यावरून परत फिरतां येतें.

हें पोकळ आश्वासन नव्हे. अमेरिकेंत अशा ३,२३४ लोकांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. वजन शेंकडा ७ नें उतरवावें व आठवड्यास १५० मिनिटें भरभर चालावें, एवढेंच ज्यांना सांगून त्यांच्याकडून नेटानें करवून घेतलें, त्यांच्यांत नव्या मधुमेहाचें प्रमाण शेंकडा ५८ नें घटलें. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत तें ३१ नेंच घटलें. आपल्याकडे चेन्नईंत डॉ. रामचंद्रन् यांनीं ५३१ लोकांवर असाच प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००६ सालचे आहेत. तीन वर्षांत, नुसता सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांपैकीं शेंकडा ५५ जणांना मधुमेह झाला. आहार-व्यायामाची शिस्त लावलेल्यांपैकीं ३९ जणांना. तेव्हां हा उपाय रामबाण नव्हे. पण शंभरांतील सोळा जणांच्या दाराशीं रोग निदान तीन वर्षें थोपला, हें थोडें नव्हे.

‘मी तर सडपातळ; मला कशाची भीति?’ असें कोणी म्हणेल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं या समजुतीला मुळांतच धक्का दिला. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचें सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो भरलें. आपल्या बालकांचे स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानानें राखलेली! म्हणून केवळ वजनकांट्यावर विसंबूं नये; शिंप्याची फीतही घ्यावी. कमरेचा घेर पुरुषांचा ९० व स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आंत असावा.

ज्यांना रोग जडला आहे त्यांनींही निराश होऊं नये. ब्रिटनमध्यें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, रोग होऊन सहा वर्षांहून अधिक काळ न लोटलेल्या लोकांना अत्यल्प आहारावर ठेवून त्यांचें वजन उतरविलें. वर्षाअखेर त्यांच्यापैकीं शेंकडा ४६ जणांची साखर औषधांवांचून मधुमेहाच्या रेषेखालीं राहिली. दुसऱ्या वर्षाअखेर असे ३६ उरले. वजन परतलें कीं रोगही परततो. डॉक्टरांस विचारल्यावांचून अशा आहाराच्या वाटेस जाऊं नये, व गोळ्या किंवा इन्शुलिन तर मुळींच बंद करूं नये.

आतां घरांत करावयाचें काय? सर्वांत मोठी चूक म्हणजे एकट्या रोग्याचें ताट निराळें वाढणें. घरचे श्रीखंड-पुरी खात असतां एकानें दुधीची भाजी चघळावी, ही शिक्षा झाली; आणि शिक्षा कोणी जन्मभर भोगीत नाहीं. त्यापेक्षां सर्वांचेंच ताट बदलावें. भात-पोळी निम्म्यावर आणून उसळ, पालेभाजी व कोशिंबीर वाढवावी. चहांतील साखर व त्याच्याबरोबरचें बिस्किट सोडावें. गोडधोड सणावारापुरतें ठेवावें. जेवणानंतर बैठक मारण्याऐवजीं सर्वांनीं मिळून फेरी मारावी. चालतांना स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहतां रक्तांतील साखर ओढून घेतात. रोज अर्धा तास, आठवड्यांतून पांच दिवस, म्हणजे १५० मिनिटें भरलींच. आणि वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकानें रक्त तपासून घ्यावें. ज्याच्या आईबापांना मधुमेह आहे त्यानें तर चालढकल करूंच नये.

आईबापांचें रक्त आपणांस निवडतां येत नाहीं. पण मुलांच्या पानांत काय वाढावें, हें तर आपल्याच हातीं आहे.